हायड्रॉलिक मोटारीवरचा बियाण्याचा शाफ्ट अर्ध्या तासाने मंदावतो : दोष मोटारीचा, व्हॉल्व्हचा की ट्रॅक्टरचा?

प्रश्न : कारंजा तालुका, वाशीम जिल्हा

नमस्कार. आमच्या शेतकरी गटाकडे सहा ओळींचा न्यूमॅटिक (हवेच्या साहाय्याने बी टाकणारा) प्लँटर आहे. त्याच्या तबकड्या फिरवणारा षटकोनी शाफ्ट जमिनीवरच्या चाकावरून चालत नाही, तर हायड्रॉलिक मोटारीवर चालतो. मोटारीकडे जाणारे तेल पीडब्ल्यूएम व्हॉल्व्हमधून (विजेच्या स्पंदनांनी कमी-जास्त उघडणाऱ्या झडपेतून) मोजून सुटते. या व्हॉल्व्हवर ताबा मॉनिटरचा असतो. तो चाकावरच्या सेन्सरकडून ट्रॅक्टरचा वेग घेतो, शाफ्टवरच्या सेन्सरकडून फेरे मोजतो आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत व्हॉल्व्हची टक्केवारी कमी-जास्त करत राहतो.

सोयाबीनसाठी ४५ बाय ५ सेंटिमीटर अंतर धरले आहे, तबकडी ६० छिद्रांची आहे आणि ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरने चालतो. म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर अंतर कापले जाते, त्यात प्रत्येक ओळीत २५ बिया पडायला हव्यात आणि त्यासाठी शाफ्टचे मिनिटाला २५ फेरे लागतात. सकाळी हे फेरे बरोबर मिळतात. साधारण अर्धा तास पेरणी झाली की मात्र फेरे उतरू लागतात आणि १७ पर्यंत येतात. त्या वेळी बियांतले अंतर सात सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे हेक्टरी ४ लाख ४४ हजार बियांच्या जागी जेमतेम ३ लाख बिया पडतात. यंत्र दुपारी सावलीत उभे ठेवले की पुन्हा काही वेळ नीट चालते.

आणखी काही माहिती देतो. मागच्या हंगामात हाच प्लँटर एका मोठ्या ट्रॅक्टरवर होता आणि तेव्हा मॉनिटरवर व्हॉल्व्हची टक्केवारी ५५ च्या आसपास दिसत असे. यंदा तो ट्रॅक्टर उपलब्ध नसल्यामुळे गटातल्याच एका सभासदाचा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जोडला आहे. त्याच्यावर सकाळीच ८० टक्के दिसतात, आणि फेरे उतरतात तेव्हा आकडा १०० वर जाऊन तिथेच थांबतो. जाणारा आणि येणारा असे दोन्ही होज पाइप डीसी व्हॉल्व्हच्या (ट्रॅक्टरमधून बाहेरच्या औजारांना तेल देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) दोन कपलरना जोडलेले आहेत. मॉनिटरची वीज ट्रॉलीच्या दिव्यांच्या सॉकेटमधून घेतली आहे. हवेचा पंखा पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, इंजिनावर फिरणाऱ्या शाफ्टवर) असल्यामुळे इंजिनाचे फेरे कमी करता येत नाहीत.

तालुक्याच्या मेकॅनिकच्या मते मोटार झिजली आहे आणि ती बदलावी लागेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबून आता कुठे वाफसा आला आहे. गटातल्या बऱ्याच जणांचे शेत पेरणीवाचून पडून आहे आणि पुढचा पाऊस लागला तर काळ्या जमिनीत चार-पाच दिवस पाय ठेवता येणार नाही. मोटारीचा खर्च करण्यापूर्वी आम्ही काय काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : रिसोड, शेतकरी

भाऊ, सर्वात आधी बिनखर्चाची तपासणी करा. ट्रॅक्टर बंद करून मोटारीवरची चेन उतरवा आणि षटकोनी शाफ्ट हाताने फिरवून बघा. पाना लावून तो एकसारखा, न अडखळता फिरला पाहिजे. एखादे बेअरिंग धरत असेल, किंवा जिवाणू संवर्धक लावलेले ओलसर बियाणे तबकडीच्या मागे चिकटून बसले असेल, तर मोटारीवरचा भार विनाकारण वाढतो. बियाणे सावलीत पूर्ण सुकवूनच पेटीत भरावे. तुमचा दोष यंत्र थंड झाल्यावर आपोआप जातो, त्यामुळे तो इथे असण्याची शक्यता मला कमीच वाटते, पण ही शंका एकदा मिटवलेली बरी.

उत्तर २ : अकोला, हायड्रॉलिक दुरुस्तीचे काम करतो

मोटार बदलण्याची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वात महत्त्वाची गोष्ट ट्रॅक्टर बदलल्याची आहे, आणि माझ्या मते दोषाचा निदान अर्धा भाग तिथेच आहे.

मोटारीला प्रत्यक्षात किती तेल लागते ते आधी पाहू. अशा कामाच्या ऑर्बिटल मोटारी बहुधा एका फेऱ्याला १०० घन सेंटिमीटरच्या आसपास तेल घेतात. तुमच्या मोटारीच्या पट्टीवर आकडा कोरलेला असेल, तो पाहून घ्या. मिनिटाला २५ फेरे म्हणजे अडीच लिटर तेल. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप पीटीओच्या फेऱ्यांवर मिनिटाला ३५ लिटर देतो असे धरले, तर उरलेले साडेबत्तीस लिटर तेल जाते कुठे?

मोठ्या ट्रॅक्टरांत बहुधा क्लोज्ड सेंटर पद्धतीचा पंप असतो. मागणी अडीच लिटरची असेल तर तो पंप स्वतःच आपला पुरवठा तेवढ्यावर आणतो, त्यामुळे उरलेल्या तेलाचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडच्या ४० ते ५५ अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत साधा गिअर पंप असतो आणि त्यांची रचना ओपन सेंटर असते, म्हणजे न लागणारे तेल कमी दाबाने टाकीत परतायला वाट उघडी ठेवलेली असते. गिअर पंपाला आपला पुरवठा कमी करता येत नाही. इंजिन फिरते तितके तेल तो ढकलतच राहतो. प्लँटरचा व्हॉल्व्ह ब्लॉक क्लोज्ड सेंटरवर लावलेला असेल तर या जादा तेलाला पुढे वाट मिळत नाही, दाब चढत जातो आणि शेवटी ते सगळे रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की उघडणारी झडप) उघडून टाकीत परतते. रिलीफ १७० बारवर लावलेला असेल तर हिशोब असा होतो : १७० गुणिले ३५, भागिले ६००, म्हणजे सुमारे ९.९ किलोवॅट. तेरा अश्वशक्तीइतकी ताकद पेरणीचे कोणतेही काम न करता केवळ तेल तापवण्यात जाते. शिवाय या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे आणि गिअरपेटीचे तेल बहुधा एकच असल्यामुळे हा ताप सगळीकडे पसरतो.

तेल तापले की पातळ होते. पातळ तेल मोटारीच्या आतल्या फटींतून काम न करताच पलीकडे निसटते. मोटार जोरात फिरत असती तर एवढी गळती जाणवली नसती. पण तुमच्याकडे मुळात अडीच लिटरच तेल जाते, आणि त्यातले पाऊण लिटर जरी असे निसटले तरी फेरे २५ वरून १७-१८ वर येतात. म्हणून गरम असताना मोटार झिजल्यासारखी वागते आणि थंड झाल्यावर बरी होते. खरोखर झिजलेली मोटार सकाळीही थोडीफार त्रास देते.

आता तपासणी. प्लँटरच्या ब्लॉकच्या तोंडाशी टी-जोड देऊन ० ते २५० बारचे गेज लावा आणि परतीच्या पाइपवर दुसरे, कमी पल्ल्याचे गेज लावा. शाफ्ट नेहमीच्या फेऱ्यांवर फिरत असताना तोंडाचा दाब सतत रिलीफच्या पातळीवर चिकटून राहत असेल, तर मी वर सांगितलेलेच घडते आहे. अनेक ब्लॉकवर ओपन आणि क्लोज्ड सेंटर बदलण्यासाठी वेगळा स्क्रू किंवा प्लग असतो. तो कुठे आहे हे तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेतल्या आकृतीत पाहूनच फिरवा, कारण शेजारचाच स्क्रू दाबाचा असू शकतो. ओपन सेंटर केल्यावर जादा तेल मोटारीला लागणाऱ्या दाबापेक्षा थोड्याच जास्त दाबावर परत जाते. तोंडाचा दाब ५० बारवर आला तर उष्णता ९.९ वरून २.९ किलोवॅटवर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येईल.

परतीचा पाइपही डीसी व्हॉल्व्हमधून काढा. तिथले अरुंद मार्ग आणि कपलर उलटा दाब तयार करतात. तो पाइप मोठ्या व्यासाच्या कपलरने थेट हायड्रॉलिकच्या टाकीत सोडावा. मोटारीला तिसरा बारीक पाइप असेल, तर तो केसमधल्या गळतीचे तेल नेणारा पाइप असतो. तो कोणत्याही व्हॉल्व्हमधून न नेता स्वतंत्रपणे टाकीत गेला पाहिजे, नाहीतर शाफ्टचे सील फुटते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोणताही पाइप सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवा आणि दाब उतरवा. गळती शोधण्यासाठी पाइपवरून हात कधीही फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीच्या आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे, काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

उत्तर ३ : अमरावती, ट्रॅक्टर व औजारांच्या वायरिंगचे काम

अकोल्याच्या दादांनी तेल तापण्याचे दिलेले कारण मला पटते, परंतु त्याने सगळा उलगडा होत नाही. गळती वाढली म्हणून मॉनिटरने टक्केवारी वाढवली, हे ठीक आहे. पण व्हॉल्व्ह खरोखर १०० टक्के उघडला असता तर मोटारीकडे अडीच लिटरच्या कितीतरी पट तेल गेले असते आणि पाऊण लिटर गळतीचा मागमूसही दिसला नसता. यावरून मला असे वाटते की मॉनिटर १०० टक्के सांगतो आहे, पण व्हॉल्व्ह तितका उघडत नाही.

याची खात्री करण्याचा सोपा मार्ग आहे. बहुतेक पीडब्ल्यूएम व्हॉल्व्हच्या टोकाला हाताने उघडण्याचा स्क्रू किंवा दाबण्याची पिन असते. फेरे १७ वर उतरलेले असताना ट्रॅक्टर जागेवर उभा करा, मॉनिटर मॅन्युअलवर घ्या, माणसांना तबकड्या आणि चेनपासून दूर ठेवा आणि तो स्क्रू हळूहळू आत घाला. शाफ्ट लगेच वेगाने फिरू लागला तर पंप, तेल आणि मोटार यांच्यात अजून भरपूर दम आहे आणि कमतरता कॉइलच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) ओढीत आहे. स्क्रू पूर्ण आत घालूनही फेरे वाढले नाहीत, तर दोष हायड्रॉलिक बाजूचा आहे आणि मग माझे पुढचे म्हणणे सोडून द्या.

व्हॉल्व्हचे उघडणे टक्केवारीवर नव्हे, कॉइलमधून प्रत्यक्ष जाणाऱ्या प्रवाहावर ठरते. टक्केवारीचा अर्थ एवढाच की प्रत्येक स्पंदनाच्या किती भागात वीज चालू आहे. थंड असताना कॉइलचा रोध ६ ओहम असेल तर १३ व्होल्टवर ५५ टक्क्यांत सरासरी १.२ अँपिअर मिळतो. मोठ्या ट्रॅक्टरवर तुमचे काम एवढ्यात भागत होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे गरम ब्लॉकवर बसलेली कॉइल २० अंशांवरून ९० अंशांवर गेली की तोच रोध ७.६ ओहम होतो. याच्या जोडीला ट्रॉलीच्या सॉकेटचा गंज, बारीक वायर आणि चेसिसचे कच्चे अर्थिंग यांत तीन-चार व्होल्ट गेले, तर कॉइलपर्यंत नऊ-साडेनऊ व्होल्टच पोहोचतात. मग १०० टक्क्यांवरही जेमतेम सव्वा अँपिअर मिळतो, आणि पातळ तेलाला त्याहून जास्त लागतो. सकाळीच ८० टक्के दिसतात, यावरून वीज पहिल्यापासून तोकडी पडते आहे असे मला वाटते.

म्हणून मल्टिमीटर घेऊन दोन मापे घ्या. कॉइलचा प्लग काढून रोध थंड असताना एकदा आणि फेरे उतरतात त्या वेळी गरम असताना एकदा मोजा. नंतर प्लग जोडलेला ठेवून, मॉनिटर मॅन्युअलमध्ये १०० टक्क्यांवर नेऊन, कॉइलच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजा. हे माप १०० टक्क्यांवरच घ्यावे, कारण त्याखाली मीटर स्पंदनांची सरासरी दाखवतो आणि तो आकडा फसवा ठरतो. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत तेही पाहा. दोन्हींतला फरक एक व्होल्टाहून जास्त असेल तर वायरिंग बदलावे : बॅटरीपासून थेट, अडीच चौरस मिलिमीटरच्या दोन वायर, धन बाजूला बॅटरीजवळ फ्यूज आणि ऋण बाजू चेसिसवर न सोडता बॅटरीपर्यंत परत.

मॉनिटरमधल्या नोंदी, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याचे पल्स, तबकडीची छिद्रे, ओळींतले अंतर, त्या मागच्या हंगामात बरोबर चालल्या असतील तर त्यांना हात लावू नये. चाकाच्या सेन्सरवर काळी माती बसली आहे का, एवढे मात्र बघावे.

उत्तर ४ : दारव्हा, ट्रॅक्टरचालक

वरच्या दोघांइतके मला कळत नाही, पण चालवताना आलेला अनुभव सांगतो. या ट्रॅक्टरांत लिफ्ट आणि डीसी व्हॉल्व्ह बहुधा एकाच पंपावर असतात आणि लिफ्टला तेल आधी मिळते. ड्राफ्ट कंट्रोल लावलेला असला की जमीन घट्ट-सैल होईल तशी लिफ्ट आपोआप वर-खाली होते आणि तेवढा क्षण मोटारीचे तेल तुटते, त्यामुळे ओळीत मध्येच हातभर खाडे पडतात. प्लँटर त्याच्या स्वतःच्या चाकांवर टेकू द्यावा, ड्राफ्टचा लिव्हर बंद ठेवावा आणि लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली सोडावा. धुऱ्यावर वळून आल्यावर प्लँटर आधी पूर्ण खाली बसू द्यावा आणि मगच ट्रॅक्टर पुढे काढावा, नाहीतर प्रत्येक तासाच्या (पेरणीच्या ओळीच्या) सुरुवातीला मीटरभर जागा रिकामी राहते.

प्रश्नकर्ता : कारंजा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या सर्व तपासण्या केल्या. आकडे देतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडतील.

चेन उतरवल्यावर शाफ्ट हाताने हलका फिरला. गेज लावल्यावर तोंडाचा दाब सतत १६५ ते १७० बार आणि परतीचा २८ बार दिसला. फेरे १७ वर असताना व्हॉल्व्हचा हाताचा स्क्रू थोडासा आत घातला, तेवढ्यानेच शाफ्ट जोराने फिरला, म्हणजे मोटार चांगली आहे. कॉइलचा रोध थंड असताना ६.१ आणि गरम असताना ७.७ ओहम भरला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना कॉइलवर फक्त ९.४ व्होल्ट पोहोचत होते. सॉकेटची अर्थिंगची पिन हिरवी पडलेली निघाली.

आधी फक्त वायरिंग बदलून पाहिले. सकाळची टक्केवारी ८० वरून ५६ वर आली आणि दुपारीही फेरे २५ च्या खाली गेले नाहीत, पण आकडा हळूहळू ७५ च्या पुढे चढत होता आणि ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला हात लावता येत नव्हता. त्यानंतर पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे ब्लॉक ओपन सेंटरवर केला आणि परतीचा पाइप थेट टाकीत सोडला. आता तोंडाचा दाब ५० ते ५५ बार आणि परतीचा ४ बार आहे, आणि दिवसभराच्या पेरणीत टक्केवारी ६० च्या आत राहते. मागे जाऊन तासातली माती उकरून पाहिली, बिया पाच सेंटिमीटरवर आणि योग्य खोलीवर पडत आहेत. लिफ्टबद्दलची सूचनाही पाळतो आहोत. मधले खाडे थांबले.

एक शंका राहिली. इतके तापलेले तेल पुढे चालवावे का?

उत्तर २ : अकोला

आकडे वाचून फार समाधान वाटले, आणि अमरावतीच्या भाऊंचा मुद्दा मोलाचा ठरला. स्क्रूच्या तपासणीशिवाय वायरिंगकडे कोणाचे लक्ष गेले नसते.

तेलाचा नमुना काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या. ते काळपट झाले असेल, करपल्यासारखा वास येत असेल किंवा दुधट दिसत असेल तर ते बदलावेच लागेल. रंग आणि वास ठीक असतील तर ही पेरणी आटोपेपर्यंत चालवायला हरकत नाही, मात्र हायड्रॉलिकचा फिल्टर आताच बदला. तापलेल्या तेलातला चिकट मळ प्रथम फिल्टरमध्ये आणि नंतर व्हॉल्व्हच्या स्पूलवर (आतल्या सरकत्या दांड्यावर) बसतो. हा ट्रॅक्टर मोठ्या ट्रॅक्टरने पुन्हा बदलला तर ब्लॉकचा स्क्रू परत क्लोज्ड सेंटरवर आणायला विसरू नका. दोन्ही स्थिती ब्लॉकजवळ रंगाने लिहून ठेवाव्यात.

आणखी एक प्रश्न : मेहकर तालुका

आमच्याकडेही हायड्रॉलिक मोटारीचा प्लँटर आहे. सोयाबीनला तो उत्तम चालतो, पण कपाशी टोकताना शाफ्ट थबकत-थबकत फिरतो आणि मॉनिटरचा आकडा सारखा खाली-वर होतो. तेल थंड असतानाही हेच होते. अंतर ३० सेंटिमीटर, तबकडी २६ छिद्रांची, वेग तोच, ताशी साडेचार किलोमीटर.

उत्तर ३ : अमरावती

हा दोष वेगळा आहे. तुमच्या आकड्यांनी सेकंदाला प्रत्येक ओळीत चारच्या थोड्या वर बिया पडतात, म्हणजे शाफ्टचे मिनिटाला साडेनऊच्या आसपास फेरे होतात. इतक्या कमी फेऱ्यांवर ऑर्बिटल मोटार एकसारखी फिरत नाही, आणि तिचे अडखळणे सेन्सरला वेगातला बदल वाटल्यामुळे मॉनिटर ते सावरायला जाऊन आणखी हेलकावे निर्माण करतो. मॉनिटरमधला गेन (वेगातला फरक किती जोराने सावरायचा ते ठरवणारा आकडा) थोडा कमी केल्याने हेलकावे कमी होतील, पण मूळ अडचण जाणार नाही. मोटारीवरचे स्प्रॉकेट निम्म्या दात्यांचे बसवा, म्हणजे शाफ्टचे फेरे तेवढेच राहून मोटार १९ फेऱ्यांवर फिरेल आणि एकसारखी चालेल. फेरे मोजणारा सेन्सर बियाण्याच्या शाफ्टवर असेल तर मॉनिटरमधली पल्सची नोंद बदलावी लागणार नाही. तो मोटारीवर असेल तर एका फेऱ्याचे पल्स दुप्पट लिहा. सोयाबीनला पुन्हा जुने स्प्रॉकेट आणि जुनी नोंद ठेवा. मोटारीचे फेरे बदलल्यावर व्हॉल्व्हचे कॅलिब्रेशन, म्हणजे शाफ्ट हलायला लागतो ती किमान टक्केवारी आणि कमाल फेऱ्यांची टक्केवारी, तेल कोमट झाल्यावर नव्याने करून घ्यावे.